‘लहान आहे, विसरेल’ म्हणून गप्प राहू नका

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमची बहीण चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुमच्याकडे राहायला आली आहे. नवऱ्याने तिला मारलं तेव्हा मुलगी त्याच खोलीत होती. तेव्हापासून मुलगी आईला क्षणभरही सोडत नाही, दार वाजलं की दचकते, रात्री किंचाळत उठते. बंद झालेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालंय. दिवसभर बाहुल्यांचा एकच खेळ, त्यात एक बाहुली दुसरीला बडवते. मधूनच ती तुमच्या मुलाला चावते. घरची मोठी माणसं म्हणतात, विषय काढू नका, लहान आहे, विसरून जाईल. तुम्हाला कळत नाहीये की तिच्याशी यावर बोलावं का आणि तज्ज्ञांकडे कधी न्यावं.

बोलावं. थोडं, खरं, तिला कळेल अशा शब्दांत, आणि जमलं तर तिच्या आईनेच. हिंसा पाहिलेल्या लहान मुलांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे आणि या बाबतीत माझं मत उत्तरोत्तर पक्कंच होत गेलंय. जे पाहिलं त्याला जवळच्या माणसाने नाव दिलं, आणि ते माणूस स्वतः सावरताना दिसलं, की मूल सावरायला लागतं. बाकी सगळे उपाय या दोन गोष्टींच्या आधारानेच चालतात.

त्याआधी मात्र एक रोखठोक प्रश्न. मार खरोखर थांबलाय का? वडील दाराशी येऊन आरडाओरडा करतात का, फोनवरच्या धमक्या मुलीच्या कानावर पडतात का, शाळा सुटल्यावर ते तिला परस्पर घेऊन जाऊ शकतात का? मुलीची भीती आजच्या वस्तुस्थितीला धरून असेल तर कुठलीही थेरपी ती घालवू शकत नाही, आणि घालवूही नये. म्हणून बहिणीसाठी कायदेशीर संरक्षणाची व्यवस्था, मुलीला शाळेतून कोण नेईल याची शाळेकडे लेखी नोंद, आणि फोन दुसऱ्या खोलीत जाऊन घेणं, ही तिच्या उपचारांची पहिली पायरी समजा.

आता ‘विसरेल’बद्दल. लेनोर टेर या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञांनी पाच वर्षांच्या आत भयंकर प्रसंगातून गेलेल्या २० मुलांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं याचे पुरावे हाती होते, त्यामुळे मुलांच्या आठवणी त्याच्याशी ताडून पाहता आल्या. साधारण अडीच-तीन वर्षांच्या आतल्या मुलांना घटना शब्दांत नीट सांगता येत नव्हती. पण त्यांच्या खेळात, भीतीत, वागण्यात ती घटना उमटत होती, आणि तीही बऱ्याच अंशी बरोबर. याहून लहान बाळंही यातून सुटत नाहीत. २०१३ च्या एका अभ्यासात ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना झोपेत रागावलेला आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांच्या घरी आईवडिलांची भांडणं जास्त, त्या बाळांच्या मेंदूत ताणाशी संबंधित भागांची प्रतिक्रिया जास्त तीव्र होती, तीही झोपेत असताना. तुमची भाची तर चार वर्षांची आहे. तिला त्या दिवसाचं बरंच काही शब्दांतही आठवत असणार. ती बोलत नाही, कारण बोललेलं चालेल की नाही हे तिला माहीत नाही. मोठी माणसं विषय टाळतात, ती खोलीत आली की कुजबुज थांबते, हे तिने केव्हाच टिपलेलं असतं.

मोठ्यांनी काही सांगितलं नाही तर मूल स्वतःच अर्थ लावतं. तीन ते सहा वर्षांच्या वयात जगात जे घडतं ते आपल्यामुळे घडतं असं मुलांना वाटतं. पाणी सांडलं, हट्ट केला, बाबांना हाक मारली, आणि लगेच मारहाण सुरू झाली. मग ती आपल्यामुळेच झाली. मोठ्यांच्या कल्पनेतही येणार नाहीत अशी कारणं मुलांनी धरून ठेवलेली असतात. एका मुलीने रंगाच्या पेट्यांना हात लावणं बंद केलं होतं, कारण त्या संध्याकाळी तिने भिंतीवर रेघा ओढल्या होत्या. घरात कुणालाही हे माहीत नव्हतं. दोष आपला आहे हे वाटणं भीतीपेक्षाही चिवट असतं, आणि ते आपोआप जात नाही. कुणीतरी मोठ्याने स्पष्ट शब्दांत ते काढून टाकावं लागतं.

म्हणून बहिणीला सांगा, दिवसाउजेडी, मुलगी शांत असताना, तिच्या शेजारी जमिनीवर बसून साधारण असं म्हणायचं: “त्या दिवशी बाबांनी मला मारलं. तू ते पाहिलंस. खूप भीती वाटली असेल तुला. मलाही वाटली होती. मारणं चूक असतं, मोठ्या माणसांनीसुद्धा. ते तुझ्यामुळे झालं नाही. तू काही केलं असतंस किंवा नसतं केलंस तरी ते तुला थांबवता आलं नसतं, ते मुलांचं काम नसतं. आता आपण मावशीकडे आहोत. मी तुझी काळजी घेते आणि मोठी माणसं आपल्याला मदत करतायत.” एवढंच. एका दमात सगळं सांगायलाही हवं असं नाही. पहिल्या दोन वाक्यांनंतर ती उठून खेळायला गेली तर जाऊ द्या; तिने ऐकलेलं असतं. काही मुलं तीन दिवसांनी, अंघोळ करताना वगैरे, अचानक विचारतात, “तुला रक्त आलेलं ना?” तेव्हा हातातलं काम थांबवून “हो, आलं होतं. आता जखम भरली, बघ,” असं सरळ उत्तर द्यायचं. तीच गोष्ट ती वीस वेळा विचारेल. वीसही वेळा तेच उत्तर, त्याच आवाजात.

यात दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘बाबा मस्करी करत होते’, ‘आई पडली होती’ असलं काही सांगू नका. तिने डोळ्यांनी पाहिलंय. तिचे डोळे खोटे आहेत असं आपण तिला शिकवलं तर पुढे कुणी तिच्यावर हात टाकला तरी ती आपल्या जाणिवेवर विश्वास ठेवणार नाही. आणि ‘आता असं कधीच होणार नाही’ हे वचन देऊ नका. ते पाळणं बहिणीच्या एकटीच्या हातात नाही. ‘आपण सुरक्षित राहावं म्हणून मी हे हे केलंय’ असं सांगा. दाराची कडी दाखवा, कुणाला हाक मारायची ते सांगा. चार वर्षांच्या मुलीला कडी बघून जेवढा धीर येतो तेवढा मोठमोठ्या आश्वासनांनी येत नाही.

बोलणं म्हणजे उलटतपासणी नव्हे, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक तिला ‘काय झालं गं, बाबांनी कशाने मारलं?’ असं विचारू लागला तर तिला तो प्रसंग पुन्हापुन्हा एकटीने भोगावा लागतो. शिवाय उत्तर सुचवणारे प्रश्न सारखे विचारले की लहान मुलांच्या आठवणीत विचारणाऱ्याचे शब्द मिसळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. प्रकरण पोलीस-न्यायालयापर्यंत गेलं असेल तर याने तिचंच नुकसान होतं. ती आपणहून काही बोलली तर ऐका, फार तर “मग?” म्हणा, आणि नंतर तिचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा. रीतसर विचारपूस मुलांशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने, शक्यतो एकदाच करावी.

बाहुल्यांच्या खेळाबद्दल तुम्ही लिहिलंय की बघवत नाही म्हणून तुम्ही बाहुल्या लपवल्या. समजू शकते, पण त्या परत द्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेच्या बसमधली २६ मुलं आणि बसचालक पळवून नेऊन खाणीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडले गेले होते. सगळे जिवंत सुटले. याच लेनोर टेर यांनी त्या मुलांना नंतर अनेक वर्षं भेटून त्यांचं निरीक्षण केलं. आघातानंतरचा खेळ वेगळा असतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिलं. त्या खेळात गंमत नसते. तोच प्रसंग, तोच क्रम, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर मूल मोकळं होण्याऐवजी आणखी आखडतं. म्हणजे खेळ बंद पाडण्याची गरज नसते; त्याच शेवटाशी अडकून पडलेल्या त्या खेळाला पुढे सरकायला मदत हवी असते.

ही मदत कशी असते ते एका प्रसंगातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पाचेक वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर यायचा. पेटीतून बाहुल्या काढायचा, बाईची बाहुली आडवी करायचा, पुरुषाच्या बाहुलीने तिला मारायचा आणि सगळ्यात छोटी बाहुली खोक्यामागे कोंबायचा. चेहऱ्यावर काही नाही, श्वास रोखलेला. मग सगळं उचलून पहिल्यापासून सुरू. मी काही दिवस नुसती जवळ बसून, दिसेल तेवढंच बोलत राहिले: “ती पडली. तो छोटा लपला.” एकदा मी म्हटलं, “त्या छोट्याला तिथून सगळं ऐकू येतंय.” त्याचा हात थांबला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “त्याला शू आलीये. पण तो बाहेर येऊ शकत नाही.” मी म्हटलं, “एवढं मोठं भांडण चाललंय, कसा येईल तो बाहेर! त्याचं काहीच चुकलं नाही. त्याला आता कोण मदत करेल?” त्याने पेटी धुंडाळली, आजीची बाहुली काढली, आणि तिने त्या छोट्याला हाताला धरून बाथरूमला नेलं. खेळ त्यानंतरही बरेच आठवडे चालला. पण आजी आता दर वेळी आधी यायला लागली, आणि पुढे पुढे पोलीस आले, डॉक्टर आले, बाईची बाहुली उठून बसली. इतके दिवस रोज ओलं होणारं अंथरूण कशाबद्दल होतं तेही आम्हाला कळलं.

तुम्ही घरी थेरपिस्ट व्हायची गरज नाही. जवळ बसा, दिसेल ते बोला, शेवट तुमच्या मनासारखा व्हावा म्हणून घाई करू नका. एखादी मदत करणारी बाहुली, रुग्णवाहिका, घराचं मॉडेल हाताशी ठेवा. मार खाणाऱ्या बाहुलीला काय वाटत असेल हे विचारून बघा. खेळात आठवड्या-आठवड्याला काही ना काही बदलत असेल तर मूल काम करतंय. महिना झाला तरी एका रेषेचाही फरक नाही, किंवा खेळाच्या शेवटी ती स्वतःलाच मारायला लागली, तर तो खेळ तज्ज्ञांसमोर व्हायला हवा.

रात्रीचं बघू. ती जागी होऊन रडत असेल, तुम्हाला ओळखत असेल तर ते वाईट स्वप्न आहे. मंद दिवा लावा आणि जागेची खूण द्या: “तू मावशीच्या घरी आहेस. ही आई. दार बंद आहे.” डोळे उघडे आहेत, किंचाळतेय पण कुणालाच ओळखत नाही, असं झोपेच्या पहिल्या काही तासांत होत असेल तर ती झोपेतली भीती असते. तिला गदागदा हलवून उठवू नका. तिला लागणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत ती निवते आणि सकाळी तिला आठवतही नाही. अंथरूण ओलं झालं तर न बोलता बदला, ‘एवढी मोठी झालीस’ हे शब्द अजिबात नकोत. लघवीला जळजळ, ताप असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सगळंच मनाच्या खात्यावर टाकू नये. दिवसभरात झोपेची, जेवणाची, अंघोळीची वेळ आणि क्रम शक्यतो तोच ठेवा. पुढे काय होणार हे ज्या मुलीला कधीच माहीत नसायचं, तिला ‘आता गोष्ट, मग दिवा बंद’ एवढं रोज खरं ठरलेलं पाहायला मिळालं की तिचं शरीर हळूहळू सैल पडतं. साबणाचे फुगे फुंकायला द्या. हळू फुंकल्याशिवाय मोठा फुगा होत नाही, आणि तो लांबलेला उच्छ्वास तिला शांत करतो. ‘खोल श्वास घे’ असं सांगून चार वर्षांच्या मुलीकडून ते होत नाही.

चावण्याबद्दल तुमचा राग रास्त आहे, तुमच्या मुलालाही दुखतं. तिला लगेच थांबवा, हात धरून, आवाज न चढवता: “चावू देणार नाही. या घरात कुणी कुणाला मारत नाही.” हात मात्र उगारू नका. मारू नये हे मारून शिकवलं तर तिने पाहिलेलंच तुम्ही खरं ठरवता. चावण्याच्या आधी काय झालं होतं याकडे लक्ष ठेवा. पुष्कळदा कुणाचा तरी मोठा आवाज, ओढाताण, भांड्याचा खणखणाट असं काहीतरी सापडतं. तुमच्या मुलालाही दोन शब्दांत सांगा की ती घाबरलेली आहे, पण तिने चावलं तर आम्ही थांबवणार. आणि त्याच्यासाठी रोज थोडा वेगळा वेळ काढा.

ती बाबांची आठवण काढते याचं तुम्हाला नवल वाटलंय. वाटू देऊ नका. मूल एकाच माणसाला घाबरतं आणि त्याच माणसासाठी झुरतंही. ‘त्याचं नाव काढू नकोस’ म्हटलं की तिला आपलं अर्धं मन लपवावं लागतं. “तुला बाबांची आठवण येते, आणि भीतीही वाटते. दोन्ही असू शकतं,” असं म्हणा. वडील राक्षस आहेत असं सांगू नका आणि त्यांच्या कृत्यावर पांघरूणही घालू नका. मारणं चूक, एवढं नि:संदिग्ध असू द्या. भेटी व्हाव्यात की नाही हा निर्णय तिच्या ओढीवर सोडू नका, तो मोठ्यांनी आणि गरज पडल्यास न्यायालयाने तिची सुरक्षितता बघून घ्यायचा असतो.

आता ज्या व्यक्तीबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय तिच्याबद्दल, म्हणजे तुमच्या बहिणीबद्दल. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं की बॉम्बहल्ल्यात आईजवळ असलेली आणि आईला धीर असलेली मुलं त्यामानाने कमी हादरत. घाबरलेल्या आईचं मूल घाबरे आणि आईपासूनची ताटातूट मुलांना फार जड जाई. पुढे १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात आयांना काही क्षण बाळाकडे निर्विकार चेहऱ्याने बघायला सांगितलं. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला परत आणू पाहायची, आणि जमलं नाही की तोंड फिरवून खचायची. आई पुन्हा हसली की नातं पुन्हा जुळायचं. मार खाल्लेल्या बाईचा चेहरा कित्येकदा असाच निर्विकार होतो. ते आघाताचं लक्षण आहे. मुलीवर तिचं प्रेम कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. तिला ‘मुलीसाठी तरी हस’ असं सांगू नका. तिला झोप मिळू द्या, तिच्या जखमा तपासून घ्या, तिच्यासाठी वेगळा समुपदेशक शोधा, तिचं रडणं मुलगी झोपल्यावर तुमच्यापाशी होऊ द्या. दिवसातून एकदा, दहा मिनिटं का होईना, तिने मुलीजवळ नुसतं बसावं एवढी घरातली कामं तिच्याकडून काढून घ्या. मावशी म्हणून तुम्ही मुलीसाठी जे करू शकता त्यातलं हे सगळ्यात मोठं काम आहे. मुलीसमोर तिला रडू आलंच तर “मला वाईट वाटतंय, थोड्या वेळाने बरं वाटेल, तुला काही करायला नको,” एवढं म्हटलं तरी पुरतं.

तज्ज्ञांकडे कधी? घटनेनंतरचे पहिले काही आठवडे बिलगणं, दचकणं, झोपमोड हे बहुतेक मुलांत असतं आणि सुरक्षित घरात ते उतरणीला लागतं. मनोविकारांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक ताणविकाराचे, वेगळे निकष दिले आहेत. त्यात खेळातून प्रसंग पुन्हा घडवणं धरलंय, मूल ते करताना घाबरलेलं दिसलंच पाहिजे अशी अट नाही, आणि त्रास महिन्याहून अधिक टिकलेला असावा असं म्हटलंय. त्यामुळे महिना उलटूनही त्रास तसाच असेल तर थांबू नका. मुलीने बोलणं किंवा खाणंपिणं टाकलं, ती स्वतःला इजा करते, एकटक बघत हरवून जाते आणि हाकेला उत्तर देत नाही, किंवा तिच्याशी लैंगिक गैरप्रकार झाल्याची शंका येते, तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी न्या.

या वयासाठी मी पहिल्यांदा सुचवेन ती मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिशिया लिबरमन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली आई-मूल एकत्रित मानसोपचार पद्धत. यात आई आणि मूल दोघं बरोबर येतात, खेळतात, आणि त्या खेळातूनच घडलेल्या गोष्टीला शब्द दिले जातात. घरातली हिंसा पाहिलेली ३ ते ५ वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया अशा ७५ जोड्यांवरची त्यांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे वर्षभर दर आठवड्याला भेटी झाल्या. मुलांची लक्षणं आणि वागण्याच्या अडचणी तुलनेच्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या. आघातावर केंद्रित वर्तनोपचार ही दुसरी पद्धत ३ वर्षांपासून वापरता येते आणि तिचा अवधी कमी असतो. नेमक्या या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी मिळालं नाही तरी चालेल. फोनवर तीन गोष्टी विचारा: सहा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम केलंय का, आईला सत्रात घेणार का, खेळातून काम करणार का. एकाच बैठकीत मुलाकडून सगळं वदवून घेऊन ‘मोकळं’ करू म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तशा एका बैठकीचा उपयोग होत नाही असंच अभ्यासांत आढळलंय. एवढ्या लहान वयात सुरुवात औषधांनी होत नसते. पहिल्याच भेटीत चिठ्ठी हातात पडली तर दुसरं मत घ्या.

आणि सुधारणा सरळ रेषेत होणार नाही. न्यायालयाची तारीख, वडिलांची भेट, घर बदलणं, शेजारचं मोठं भांडण, यातल्या कशानेही गेलेली लक्षणं परत येतात. आधी माहीत असेल तर दोन दिवस अगोदर मुलीला सांगा की आई कुठे जाणार, कधी परत येणार, तोवर तिच्याजवळ कोण असणार. त्या आठवड्यात अंथरूण पुन्हा ओलं झालं तर उपचार फसले असं समजू नका. पहिल्या वेळेपेक्षा ती लवकर सावरते का तेवढं बघा, आणि दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर थेरपिस्टला कळवा.